सहावी फेरी

हर्षला पागधरेच्या पत्राला विद्याधर नेर्लेकरांनी उत्तर दिले नव्हते. भिडस्त माणसाच्या टेबलावर अशी पत्रे साचतात आणि काही महिन्यांनी निर्जीव होऊन रद्दीत जातात. हे मात्र जिवंत राहिले. दिल्लीच्या विमानात पट्टा आवळून बसल्यावर त्यांना ते पुन्हा शब्दशः आठवले.

‘सर, मी तुमची एम.ए.ची विद्यार्थिनी. तुम्हाला बहुधा आठवणार नाही. माझा भाऊ केतन ट्रॉलरवर इंजिन सांभाळायचा. समुद्रात सरहद्दीची रेघ दिसत नाही. ती ओलांडली गेली आणि पलीकडच्यांनी बोट धरली. त्याची शिक्षा भोगून झाली, तो आपल्याच देशाचा असल्याचे कागद पोचले, तरी तो तुरुंगातच आहे. आजवर दोन्ही देश आपापल्या तुरुंगांतले थोडे थोडे मच्छीमार सोडत होते. यावेळी आपण त्यांची माणसे सोडायला नकार दिला, मग त्यांनीही आपली ठेवून घेतली. कार्यालयातले साहेब म्हणाले, अदमास यंत्राने नको म्हटले आहे, आणि राष्ट्रे अशीच वागतात हे शास्त्राने सिद्ध झालेले आहे. सर, ते शास्त्र तुम्ही आम्हाला शिकवलेत. मी हायकोर्टात अर्ज केला आहे. तुम्ही मला एवढेच सांगा, हे खरोखर शास्त्र आहे का?’

हर्षला त्यांना चांगली आठवत होती. डहाणूकडची, वर्गात मागे बसणारी, प्रश्न विचारताना उभी न राहणारी. तिला उत्तर लिहायला ते अनेकदा बसले. प्रत्येक वेळी पहिले वाक्य तेच उतरायचे: ‘याविषयी विचारवंतांमध्ये मतभेद आहेत.’

त्यांच्या पत्नी शालिनीताईंनी खांद्यावरून ते वाचले होते. “मतभेद आहेत हे कळून त्या पोरीनं करायचं काय?”

“पण आहेत ना.”

“असू देत. भाऊ एकच आहे तिचा.”

नेर्लेकरांनी कागद फाडला होता. त्यांचे दुखणे जुनेच होते. सांगलीत निवृत्त होईपर्यंत त्यांनी आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय शिकवला, आणि त्यातले सगळेच सिद्धांत त्यांना थोडे थोडे पटत आले. वास्तववादी म्हणत, राष्ट्रांच्या डोक्यावर कोणी फौजदार नाही. म्हणून प्रत्येक राष्ट्र शेजाऱ्याला भिते, भीतीपोटी शस्त्रे जमवते, ती पाहून शेजारी अधिक भितो. ते त्यांना पटे. उदारमतवादी म्हणत, तरीही व्यापार होतो, करार टिकतात, दोघांचाही फायदा होऊ शकतो. तेही पटे. त्यावर वास्तववादी विचारत, दोघांचा फायदा होईल हो, पण जास्त कुणाचा होईल? आज जास्त मिळवणारा उद्या तुमच्यावरच चालून येईल. हेही खोटे म्हणवत नसे. तिसरे, रचनावादी, म्हणत की ही भीती काही निसर्गाने दिलेली नाही. राष्ट्रे एकमेकांशी जशी वागत आली तशी ती घडली, वेगळी वागली तर वेगळी घडेल. हे तर नेर्लेकरांना सगळ्यांत आवडे, आणि आवडते म्हणूनच त्याचा संशय येई. असा माणूस कुठल्याच गटाला आपला वाटत नाही. त्यामुळे दिल्लीहून ‘अदमासच्या तत्त्व समितीवर आपली नियुक्ती झाली आहे’ असा निरोप आला, तेव्हा चुकून आपल्याला फोन लागला असावा असेच त्यांना वाटले होते.

अदमास हे यंत्र आता सगळ्यांना ठाऊक होते. वर्तमानपत्रांत त्याच्यावर व्यंगचित्रेसुद्धा येत. दोन देशांतला कोणताही वाद त्याच्यापुढे ठेवायचा. धरणाचे पाणी असो, हवाई हद्द असो, कैदी असोत. यंत्र दोन खेळाडू कल्पून तो वाद स्वतःशीच लाखो वेळा खेळून पाही आणि कोणती चाल लाभाची ते सांगे. असे यंत्र नियमांनी शिकत नाही, उदाहरणांनी शिकते. लहान मूल जसे बक्षिसाकडे पाहून चांगले-वाईट ठरवते, तसे त्यालाही आधी सांगावे लागते की अमुक मिळाले म्हणजे तू जिंकलास. एकदा हे बक्षीस ठरले की पुढचे सगळे त्याचे ते शोधून काढते. शहाणपण म्हणा, लबाडी म्हणा, सगळे त्या बक्षिसातून उगवते. बहुतेक देशांच्या परराष्ट्र खात्यांकडे आता अदमास किंवा त्याचे एखादे भावंड होते. शेजाऱ्यांकडेही होते.

दिल्लीत इमारतीच्या दाराशीच फोन काढून घेतले गेले. गोपनीयतेच्या हमीवर सही झाली; आत ऐकलेले बाहेर सांगितल्यास खटला, असे तिच्यात साध्या हिंदीत लिहिले होते. आत तन्मय गुप्ते पुढे आला आणि वाकून पाया पडला. हा त्यांचाच विद्यार्थी, त्याच्या वर्षी पहिला आलेला. आता अदमास बनवणाऱ्या कंपनीत सिद्धांत विभागाचा प्रमुख.

“सर, तुमचं नाव मीच सुचवलं.”

“का रे बाबा?”

“समितीत एक प्रादेशिक विद्यापीठातला माणूस हवा होता. आणि तुम्ही कुणाशी भांडत नाही.” तन्मय हसला. त्याने ते कौतुक म्हणूनच म्हटले होते.

समितीच्या अध्यक्ष खुराणा या निवृत्त राजदूत होत्या. नीटनेटक्या, वेळेच्या पक्क्या. शिवाय दिल्लीतलेच दोन प्राध्यापक होते. बाईंनी हिंदीत विषय मांडला. “एका मच्छीमाराच्या बहिणीनं मुंबई हायकोर्टात अर्ज केलाय. कोर्टानं सरकारला विचारलंय, या यंत्राच्या सल्ल्याला शास्त्रीय आधार काय? अदमासची तत्त्वं मान्य सिद्धांतांना धरून आहेत, असं प्रमाणपत्र आपण द्यायचं. कोर्टात ते जाईल. जेवणाआधी आटोपेल.”

बहीण म्हणजे कोण, हे नेर्लेकरांना कोणी सांगायला नको होते. तिच्या प्रश्नाला त्यांनी उत्तर दिले नव्हते, आणि आता तेच उत्तर सरकार त्यांच्या सहीने तिच्या विरोधात कोर्टात ठेवणार होते.

तन्मयने पडद्यावर जुने वाद दाखवायला सुरुवात केली. दोन्ही प्राध्यापक माना डोलावत होते. “बघा,” एक म्हणाला, “सुरुवातीला सहकार्य, मग योग्य क्षणी माघार. सापेक्ष लाभाचा सिद्धांत अगदी पुस्तकातल्यासारखा.”

नेर्लेकर पडद्याकडे पाहत होते. कुठल्या तरी दोन देशांतल्या नदीचा वाद. पाच वेळा पाणी सोडले, सहाव्या वेळी दार बंद. हवाई हद्दीचा वाद. पाच वेळा परवानगी, सहाव्या वेळी नकार. त्यांना वाटले, आपलाच काही गैरसमज होतोय. असे त्यांना नेहमीच वाटे. शेवटी घसा साफ करून त्यांनी विचारले, “तन्मय, मच्छीमारांची ही कितवी वेळ होती?”

“सोडण्याची? आधी पाच तुकड्या सुटल्या होत्या, सर.”

“म्हणजे सहावी.”

“हो.”

“अजून एखादा वाद दाखव. कसलाही.”

तन्मयने कांद्याच्या निर्यातीचा दाखवला. सहाव्या खेपेला बंदी. प्राध्यापकांपैकी एकाने घड्याळाकडे पाहिले. हा आकार मात्र नेर्लेकरांच्या ओळखीचा होता. मंगळवारी दुपारी, पंख्याचा आवाज येणाऱ्या वर्गात, वर्षानुवर्षे त्यांनी तो फळ्यावर काढलेला होता.

जेवणाची सुट्टी झाली. त्यांनी तन्मयला खिडकीशी गाठले. “या यंत्राला उदाहरणं कुठून आणलीत तुम्ही?”

“सर, आता ते—”

“मी हमीवर सही केलीये. सांग.”

तन्मय जरा घुटमळला. “सरकारं आपल्या बैठकांचे कागद देत नाहीत हो. निर्णय दिसतो, त्यामागचा हिशेब दिसत नाही. मग आम्हाला असा साठा हवा होता की जिथं प्रत्येक चाल, तिच्यामागचं कारण, आणि शेवटी मिळालेलं फळ, सगळं नोंदलेलं आहे. तो एकाच ठिकाणी होता.”

“राष्ट्र-राष्ट्र.”

“हो, सर. बऱ्याच विद्यापीठांनी अंतर्गत मूल्यमापनाच्या फायली संगणकावर चढवल्या होत्या. हजारो खेळ. सोनं होतं ते.”

‘राष्ट्र-राष्ट्र’ हे एम.ए.च्या प्रात्यक्षिकाचे मुलांनी ठेवलेले नाव. वर्गाचे गट पाडायचे, प्रत्येक गट एक देश. प्रत्येक फेरीत दोन देशांनी ठरवायचे, दिलेला शब्द पाळायचा की मोडायचा, आणि का ते लिहून द्यायचे. जोडून आलेल्या दोन तासांत सहा फेऱ्या बसत. मग घंटा होई.

“आणि फळ?” नेर्लेकरांनी विचारले. “यंत्राला जिंकणं म्हणजे काय सांगितलंत?”

“गुण, सर. गटाला पडलेले गुण.”

अभ्यास मंडळाचा नियमच तसा होता. अंतर्गत गुणांत दोन गटांना सारखे गुण देता येत नसत. वरचा कोण, खालचा कोण, हे ठरलेच पाहिजे, नाहीतर परीक्षा विभाग गुणपत्रक परत पाठवी. म्हणून समोरच्या देशापेक्षा किती जास्त मिळवले, यावर गुण असत. दोघांनी शब्द पाळून दोघांचे भले झाले तर दोघेही मध्येच कुठेतरी, किरकोळ फरकाने. मुले हुशार होती. पाच फेऱ्या गोड वागायचे, शेवटची फेरी आली की शब्द मोडायचा. घंटा होणार, मग समोरचा काय वाकडे करणार? त्या विद्यार्थ्यांना जागतिक राजकारण कळले होते असे नाही. त्यांना फर्स्ट क्लास हवा होता.

“तूही सहाव्या फेरीत मोडला होतास शब्द,” ते म्हणाले.

“सगळेच मोडायचे, सर.”

“सगळे नाही. एका वर्षी हर्षला पागधरेच्या गटानं मोडला नाही. मी विचारलं का, तर म्हणाली, उद्या त्यांच्याच बाकावर बसायचंय, सर. त्या गटाला सगळ्यांत कमी गुण पडले. ती फाईल असेल ना तुमच्याकडे?”

तन्मयने उगाच बाहेर पाहिले. “असे थोडे गट होते. ते आम्ही गाळले. विवेकी खेळाडूसारखे वागत नव्हते ते. यंत्र गोंधळतं अशा उदाहरणांनी.”

उभ्या आयुष्यात नेर्लेकरांनी कुणावर आवाज चढवला नव्हता. आताही तो चढला नाही. “गोंधळतं नाही, तन्मय. शिकलं असतं. शिकण्यासारखी तेवढीच गोष्ट होती त्या ढिगात, ती तुम्ही काढून फेकलीत, आणि पोरांच्या मार्कांच्या हावरेपणाला राष्ट्रांचा स्वभाव म्हणून विकलंत.”

“सर, पण अदमासचे अंदाज खरे ठरतात. दहातले नऊ.”

“ठरणारच. तुम्ही म्हणता शेजारी सहाव्या वेळी दगा देईल, म्हणून आपण आधी देतो. त्यांच्याकडचं यंत्र त्याच गोणीतलं धान्य खाऊन वाढलंय, ते त्यांना तेच सांगतं. दोघं दगा देतात आणि तुम्ही म्हणता, बघा, ओळखलं होतं. याला भाकीत म्हणत नाहीत रे. याला चिथावणी म्हणतात.”

“हळू बोला ना, सर.”

“आयुष्यभर हळूच बोललोय मी.”

जेवणानंतर त्यांनी हात वर केला. वर्गातल्या मुलासारखा, कारण कसे बोलायला उठावे हे त्यांना माहीत नव्हते. त्यांच्या हिंदीत मराठी मिसळत होते. फेऱ्या, घंटा, गुण, सगळे त्यांनी सांगितले. ते गुण आपणही वर्षानुवर्षे तसेच दिले, हेही सांगितले. खुराणाबाईंनी शांतपणे ऐकून घेतले.

“प्रोफेसरसाहेब, ही तुमची आठवण झाली. पुरावा काय?”

“यंत्रच आहे समोर. मच्छीमारांचा वाद पुन्हा घाला. तीच माणसं, तेच तुरुंग, तोच शेजारी. काही बदलू नका. फक्त फेरी सहावी आहे हे सांगू नका. चौथी आहे म्हणा.”

तन्मयने बाईंकडे पाहिले. त्यांनी मान हलवली. त्याने एक आकडा बदलला. पडद्यावर थोडा वेळ ठिपके फिरले आणि अक्षरे आली: सोडणे लाभाचे.

“आता सहावी म्हणा.”

सोडू नये.

दिल्लीतल्या एका प्राध्यापकांनी चष्मा काढला. “ही तांत्रिक त्रुटी झाली. सिद्धांत त्यामुळे खोटा पडत नाही. शेवटच्या फेरीत खेळाडू शब्द मोडतो, हे तर्काला धरूनच आहे.”

“शेवटच्या,” नेर्लेकर म्हणाले. “कुठली शेवटची? वर्गातला तास संपतो, साहेब. देश काय पुस्तकं आवरून घरी जातात? पुन्हा सकाळ होते, तोच समुद्र असतो, त्याच बोटी निघतात. तुम्ही वास्तववादाचं नाव घेता. वास्तवातल्या कुठल्या दोन शेजाऱ्यांना घंटा झाल्याचं ऐकू आलंय, सांगा मला.”

खुराणाबाईंनी टाचणवही मिटली. त्या काही वाईट बाई नव्हत्या, त्यामुळेच त्यांचे बोलणे अधिक झोंबले. “तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे. कंपनी पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करेल. पण आज यंत्र चुकलं असं कोर्टात कबूल केलं, तर आजवरच्या सगळ्या निर्णयांवर प्रश्न येतील. शेजारी हसतील. प्रमाणपत्र बहुमतानं जाईल. तुमची असहमती इतिवृत्तात लिहिली जाईल.”

“ते इतिवृत्त कोर्टात जाईल?”

“इतिवृत्त गोपनीय असतं.”

“आणि पुढची आवृत्ती केव्हा?”

“वर्ष, दीड वर्ष,” तन्मय पुटपुटला.

“तोवर ती माणसं तिथंच.”

“प्रोफेसरसाहेब,” बाई मृदूपणे म्हणाल्या, “एवढ्या मोठ्या गणितात काही माणसं थांबतातच.”

नेर्लेकरांनी सही केली नाही. पेन उघडून पुन्हा बंद केले आणि खिशाला लावले. त्यापलीकडे त्यांना त्या खोलीत काही सुचले नाही. परतीच्या वाटेवर मात्र सुचत राहिले. प्रत्येक वाक्य उशिरा आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा तिखट.

सांगलीला पोचल्यावर त्यांनी शालिनीताईंना सगळे सांगितले. घरात सांगणे हासुद्धा हमीचा भंगच होता. ताई भाजी निवडत ऐकत होत्या.

“म्हणजे तिला हे कळवलंत तर तुमच्यावर खटला.”

“हो. माझं नाव न घालता कळवता येईल. पण निनावी कागदाला कोर्टात कोण विचारतो? शपथेवर सांगणारा माणूस लागेल.”

“आणि नाही कळवलंत तर?”

“प्रमाणपत्र जाईल. अर्ज फेटाळला जाईल. पोरगा तिथंच राहील.”

ताईंनी देठे बाजूला सारली. “तुरुंगात तुम्हाला मऊ भात देतील का हो?”

“शालिनी.”

“विचारून ठेवलेलं बरं. दातांचं काय ते बघायला हवं.” मग त्या उठल्या, टेबलावरचा पसारा दूर केला आणि कोरे कागद त्यांच्यापुढे ठेवले. “मतभेदांनी सुरुवात करू नका मात्र.”

त्यांनी तशी केली नाही.

‘चि. हर्षलास, आशीर्वाद. तू विचारलेस, हे शास्त्र आहे का. नाही. ही गुण देण्याची एक पद्धत आहे. विद्यापीठांच्या परीक्षा विभागांना सोयीची म्हणून ती चालली, मीही ती चालवली. तिच्यातून आलेल्या उदाहरणांवर अदमासला वाढवले आहे. राष्ट्रे अशी वागतात याचा त्यात कणभरही पुरावा नाही. शेवटचा तास संपत आला की विद्यार्थी कसे वागतात, याचा आहे. तुझ्या भावाला ज्या सल्ल्यामुळे अडकवून ठेवले आहे, तो सल्ला फेरीचा आकडा बदलताच माझ्यादेखत उलटा झाला. हे कसे तपासायचे ते सोबतच्या पानांवर लिहिले आहे. कोर्टाने सांगितले तर कोणीही तज्ज्ञ दहा मिनिटांत तपासू शकेल. त्याच खोलीत तुझ्या अर्जाविरुद्ध प्रमाणपत्र तयार झाले आहे. मी त्यावर सही केलेली नाही.

‘तू त्या दिवशी शब्द मोडला नाहीस. तुझ्या गटाला सगळ्यांत कमी गुण मी दिले. यंत्र तयार करणाऱ्यांनी तुमची ती खेळी अविवेकी म्हणून गाळली. माझ्या अध्यापनाच्या सगळ्या वर्षांत आंतरराष्ट्रीय संबंधांविषयी वर्गात कोणी बोललेले सर्वांत समंजस वाक्य तेच होते, असे मी आज म्हणतो, आणि याविषयी माझ्या मनात मतभेद नाही.

‘हे सांगायला मला मनाई आहे. ती मोडून सांगतो आहे. तुझ्या वकिलांनी हे पत्र माझ्या नावानिशी कोर्टात द्यावे. बोलावले तर मी येईन. मला नीट बोलता येत नाही, पण हे बोलता येईल.’

पोस्टात गर्दी नव्हती. हल्ली तिथे पार्सलेच येत. पत्र घेऊन आलेला म्हातारा पाहून खिडकीवरच्या मुलीला गंमत वाटली. तिने पाकीट वजनाला ठेवले, मग उलटेसुलटे करून पाहिले.

“रजिस्टर करायचं ना, आजोबा? मग पाठवणाऱ्याचं नाव राहिलंय. त्याशिवाय घेता येत नाही.”

नेर्लेकर क्षणभर पाकिटाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत राहिले. पाकीट लिहिताना तो कोपरा आपण विसरलो, की हातानेच चुकवला, हे त्यांना स्वतःलाही सांगता आले नसते. त्यांनी पाकीट परत घेतले, काउंटरवर टेकवले आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: प्रा. विद्याधर रामचंद्र नेर्लेकर, सदस्य, अदमास तत्त्व समिती. त्याखाली घराचा पूर्ण पत्ता, पिनकोडसह.

“आता घ्या,” ते म्हणाले.

मुलीने शिक्का मारला, पाकीट मागच्या पिशवीत टाकले आणि त्यांच्या हातात पावती दिली.